चार ते सात वर्षांच्या मुलांचा सामूहिक संगीतवर्ग कसा घ्यावा

गाणे शिकलेल्या, त्याच्या परीक्षा दिलेल्या आणि आता घरच्या हॉलमध्ये किंवा एखाद्या बालवाडीत लहान मुलांना शिकवण्याची मनापासून इच्छा असलेल्या अनेक व्यक्ती सोलापुरात आहेत. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांतून मुलांना अशा वर्गाला घालण्याची विचारणाही होत असते. अडचण येते ती पहिल्या दिवशी. आपण स्वतः ज्या रीतीने शिकलो, त्याच रीतीने पेटी पुढ्यात घेऊन बसावे, सा लावून घ्यावा आणि अलंकार (स्वरांच्या ठरावीक रचनांचा सराव) सुरू करावेत, असा आपला सहज कल असतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ही रीत मानवते. पाच वर्षांचे मूल मात्र चौथ्या अलंकाराला सतरंजीचे दोरे उपसू लागते आणि महिन्याभरात त्याला गाण्याचा वर्ग म्हणजे हातपाय न हलवता बसण्याची जागा वाटू लागते. चार ते सात या वयासाठी वर्गाची मांडणी मुळापासून वेगळी करावी लागते, आणि ती कशी करावी हे येथे सांगितले आहे.

सर्वप्रथम एक समज दूर करणे आवश्यक आहे. एकट्याची शिकवणी ती खरी आणि गटातली शिकवणी ही स्वस्तातली सोय, असे बहुतेक पालक मानतात आणि काही शिक्षकही मानतात. या वयापुरते तरी ते खरे नाही. लहान मुलाला मोठ्या माणसाच्या आवाजातून सूर उचलण्यापेक्षा आपल्यासारख्याच आवाजाच्या दुसऱ्या मुलाकडून तो उचलणे सोपे जाते. लय तर एकट्याने शिकण्याची गोष्टच नव्हे, कारण आठ जणांची पावले एका वेळी जमिनीवर पडत असताना नववे मूल आपोआप त्यांच्यात मिसळते. जे मूल बुजरे असते त्याला गटात काही आठवडे नुसते ऐकत राहण्याची मोकळीक मिळते, जी एकट्याच्या शिकवणीत कधीच मिळत नाही. आपल्याकडे हा विचार नवा नाही. पंडित विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करून एका वेळी अनेकांना वर्गात गाणे शिकवण्याची पद्धत रूढ केली. त्याच्याही कितीतरी आधीपासून वारकरी भजनात लहान पोर टाळ घेऊन मोठ्यांच्या ओळीत उभे राहून शिकत आलेच आहे. म्हणून गट हे या वर्गाचे मुख्य साधन आहे असे धरून पुढील सर्व निर्णय घ्यावेत.

वर्गाची संख्या, जागा आणि वेळ

आठ ते बारा मुले ही संख्या योग्य. सहापेक्षा कमी मुले असतील तर सामूहिक आवाज उभा राहत नाही आणि पंधराच्या पुढे गेले की प्रत्येक मुलाचा आवाज वेगळा ऐकणे शिक्षकाला शक्य होत नाही. चार-पाच वर्षांचा एक गट आणि सहा-सात वर्षांचा दुसरा गट करता आला तर उत्तम. तसे शक्य नसेल तर एकत्र वर्ग घेण्यास हरकत नाही, परंतु मोठ्या मुलांना मदतनीसाचे काम द्यावे. शिक्षकाबरोबर आणखी एक प्रौढ व्यक्ती सतत हजर असणे मी आवश्यक मानते. कोणाला लघवीला न्यावे लागते, कोणी रडते, कोणाला घ्यायला आलेले माणूस दारात उभे असते आणि त्या प्रत्येक वेळी गाणे थांबले तर वर्ग हातातून सुटतो.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी अर्धा तास आणि सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे पुरेशी आहेत. आठवड्यातून एकदा दीड तास घेण्यापेक्षा दोनदा अर्धा तास घेणे केव्हाही फलदायी ठरते.

खोलीतील सोफा, टेबल, खुर्च्या बाजूला सरकवून मधली जागा मोकळी करावी आणि भिंतीलगत सतरंज्या किंवा चादरी अंथराव्यात. मोकळ्या जागेवर काहीही अंथरू नये, कारण पळताना चादर सरकून मुले पडतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे उन्हाळ्यात वर्ग सकाळी आठच्या सुमारास किंवा ऊन पूर्ण उतरल्यावर घ्यावा. कूलरबद्दल विशेष काळजी घ्यावी लागते. कूलरच्या घरघरीत मुलांना हळू आवाज ऐकू येत नाही, मग ती ओरडून गातात, त्यांचे ऐकून शिक्षकही आवाज चढवतात आणि दहा मिनिटांत सगळ्यांचे घसे बसतात. वर्गाच्या आधी खोली थंड करून घ्यावी आणि गाण्याच्या व ऐकण्याच्या वेळी कूलर बंद ठेवून केवळ पंखा चालू ठेवावा. साखर पेठ, अशोक चौक या बाजूला शेजारी यंत्रमाग चालू असेल तर वर्गासाठी आतली खोली निवडावी. त्या मागाच्या ठोक्यांचाही उपयोग आहे, तो पुढे सांगते.

पट्टी मुलांची हवी

सामूहिक वर्गात सर्वाधिक बिघडणारी आणि सर्वांत सहज सुधारता येणारी गोष्ट म्हणजे पट्टी, म्हणजे षड्ज (सा) कोणत्या उंचीवर धरायचा ते. स्त्री शिक्षिका बहुधा काळी चार किंवा काळी पाच पट्टीत, म्हणजे पेटीच्या सप्तकातील चौथी किंवा पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून गातात. या पट्टीतील खालचे स्वर पाच वर्षांच्या मुलाच्या गळ्यात नसतात, त्यामुळे ते मूल ते स्वर बोलल्यासारखे म्हणते आणि आपण त्याला बेसूर ठरवून मोकळे होतो. या वयाच्या मुलाचा सहज गाता येणारा पल्ला पेटीच्या मधल्या सप्तकातील पांढरी एक किंवा पांढरी दोनपासून वर पाच-सहा स्वरांचा असतो. म्हणून मुलांचा षड्ज मधल्या सप्तकातील पांढरी एक ते काळी दोन यांच्या दरम्यान धरावा. काळी चारमध्ये गाणाऱ्या शिक्षिकेचा शुद्ध गंधार हा पांढरी एकचा षड्ज होतो, हे एकदा गळ्यात बसवून घेतले म्हणजे अडचण राहत नाही. आपला आवाज नेहमीपेक्षा वरच्या जागी लागतो, पण बालगीताला लागणाऱ्या पाच-सहा स्वरांपुरता तो त्रासदायक होत नाही.

पुरुष शिक्षकांना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. त्यांचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा एक सप्तक खाली असतो. मोठ्या मुलाला हा फरक मनातल्या मनात जुळवता येतो, परंतु लहान मूल गुरुजींचा आवाज जसाच्या तसा पकडायला जाते आणि घशात गुरगुरते. अशा वेळी गुरुजींनी पेटीवर मधल्या सप्तकाचा स्वर द्यावा आणि पहिली ओळ स्थिर गळ्याच्या सात-आठ वर्षांच्या मुलीकडून किंवा मुलाकडून म्हणवून घ्यावी. बाकीची मुले त्या आवाजाला लगेच मिळतात.

पेटी सतत वाजवत राहू नये. भात्याचा आवाज मुलांच्या आवाजावर पसरतो आणि आपण गातो आहोत की पेटी गाते आहे हे त्यांना कळत नाही. स्वर द्यावा, हात काढून घ्यावा आणि मुलांना उघड्या गळ्याने गाऊ द्यावे. मोबाइलवरील तानपुऱ्याचे ॲप हळू आवाजात चालू ठेवले तर चालते, मात्र त्याची पट्टी मुलांच्या षड्जाला लावलेली असावी.

आरंभ नावांपासून

वर्गाची सुरुवात गाऊन घेतलेल्या हजेरीने करावी. मुलांनी वर्तुळात बसावे आणि शिक्षकाने एकेकाचे नाव पंचम (प) आणि गंधार (ग) या दोनच स्वरांवर म्हणावे. ‘आर्या’ असेल तर प ग, ‘स्वराली’ असेल तर प प ग. दूरवरून कोणाला हाक मारताना लहान मुलांचा आवाज पुष्कळदा आपसूकच अशा वरून खाली येणाऱ्या अंतराने उतरतो, म्हणून या दोन स्वरांपासून आरंभ केला की कोणाला काही नवीन शिकल्याचे ओझे वाटत नाही. ज्याचे नाव आले त्याने त्याच दोन स्वरांवर ‘आहे मी’ असे उत्तर द्यावे आणि नंतर सर्वांनी ते नाव एकत्र म्हणावे. मुलाने उत्तर बोलून दिले, डोके हलवले किंवा आईच्या मागे लपले, तरी पुढच्या नावाकडे जावे. त्याचे नाव सर्वांनी गायले आहे, एवढे पहिल्या महिन्यात पुरे.

ही हजेरी शिक्षकासाठी रोजची तपासणीही असते. बाराजणांचा स्वतंत्र आवाज तीन मिनिटांत कानांवरून जातो, कोणाचा स्वर कुठे लागला, कोणाला सर्दी आहे, कोण आज गप्प आहे हे कळते आणि परीक्षा घेतल्यासारखे कोणालाही वाटत नाही. दोन स्वर स्थिर झाल्यावर धैवत (ध) मिळवावा, मग षड्ज, मग ऋषभ (रे). अशा रीतीने सा रे ग प ध हे भूप रागाचे पाच स्वर वर्षभरात कानांत आणि गळ्यात येतात. मध्यम (म) आणि निषाद (नी) या वयात उशिरा आणलेले बरे, कारण शेजारच्या स्वरापासूनचे त्यांचे अर्ध्या स्वराचे अंतर मुलांना चटकन कळत नाही. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीतही मुलांना आधी याच अंतरातून आणि मग पाच स्वरांतून नेतात, हे आपल्याला आधार देणारे आहे.

स्वरांची नावे घाईने सांगू नयेत. आधी उंची दाखवावी: सा म्हणताना हात गुडघ्यांवर, रे म्हणताना मांड्यांवर, ग म्हणताना पोटावर, प म्हणताना खांद्यांवर आणि ध म्हणताना डोक्यावर. काही महिन्यांनी शिक्षकाने न गाता केवळ हात ठेवावेत आणि मुलांनी स्वर म्हणावेत. वहीत स्वरलिपी उतरवून घेण्याचे कारण या वयात अजिबात नाही.

लय पायांतून

टाळ्या वाजवून लय शिकवण्याची आपली सवय असते, परंतु चार वर्षांच्या मुलाच्या हातापेक्षा त्याचे पाय लयीला अधिक पक्के असतात. म्हणून प्रथम चालणे, मग टाळी, मग वाद्य असा क्रम ठेवावा. शिक्षकाने स्वतःची लय मुलांवर लादू नये. प्रौढ माणूस सहज चालताना मिनिटाला सुमारे ११० ते ११५ पावले टाकतो, तर सात वर्षांचे मूल १४० च्या आणि तीन वर्षांचे मूल १५० च्या आसपास. आपल्याला शांत आणि सुंदर वाटणारी मध्यलय लहान मुलाला फार संथ असते. ते दोन ठोक्यांच्या मध्ये थांबून राहू शकत नाही आणि पुढे धावते, त्यावर आपण त्याला ‘घाई करू नको’ असे म्हणतो. याऐवजी मुलांना खोलीत मोकळे चालू द्यावे, त्यांची पावले ऐकावीत आणि त्या पावलांवर डफाचा किंवा खंजिरीचा ठोका द्यावा. सुरुवातीला ठोका मुलांच्या मागे जातो. काही आठवड्यांनी मुले ठोक्याच्या मागे येऊ लागतात, आणि तेव्हा लय थोडी कमी-अधिक करून पाहावी. ठोका थांबला की पुतळा व्हायचे, हा खेळ वर्षभर खेळला तरी मुलांना पुरत नाही, आणि शांतता ऐकण्याचा तो सर्वांत चांगला अभ्यास आहे.

यंत्रमागाजवळ राहणाऱ्या मुलांना येथे एक आघाडी असते. धोट्याच्या येण्याजाण्याचा अखंड, समान अंतराचा ठोका त्यांनी जन्मापासून ऐकलेला असतो. ‘तुमच्या घरी माग कसा वाजतो ते दाखव’ असे सांगितले की ते मूल तोंडाने ‘खटक-खटक’ करत हात डावीकडून उजवीकडे असे नेते की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. त्या मुलाला पुढे उभे करून सगळ्यांनी त्याच्या मागावर चालावे. घरचा आवाज वर्गात मान पावतो याचे त्या मुलाला जे वाटते, ते शब्दांत सांगण्याची गरज नाही.

चालण्याला केरवा आणि झोक्याला दादरा, एवढे दोन ताल पहिल्या दोन वर्षांना पुरतात. केरव्याच्या आठ मात्रांत पहिल्या मात्रेला पाय आपटावा आणि पाचव्या मात्रेला, म्हणजे खालीला (तालातील बिनटाळीच्या जागेला), हात मोकळा फिरवावा. दादऱ्याच्या सहा मात्रांना दोघांनी समोरासमोर हात धरून डुलावे, तीन मात्रा एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला. बोल तोंडाने म्हणायला मुलांना फार आवडते, तेव्हा ‘धा धी ना धा ती ना’ डुलताना म्हणू द्यावे. ताल, मात्रा, सम हे शब्द सातव्या वर्षी सांगितले तरी उशीर झाला असे होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये काम केलेले एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी संगीत आधी शरीरातून यावे असा आग्रह धरला होता, परंतु पावली खेळणारा वारकरी पाहत वाढलेल्या सोलापूरकराला हे पटवून देण्यासाठी इतक्या लांब जावे लागू नये. आषाढीच्या दिवसांत वर्गात टाळ आणावेत आणि पावलीची दोन-तीन सोपी पावले घ्यावीत.

गाणी कोणती आणि कशी

गाणे निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्याचा पल्ला सहा स्वरांच्या आत असावा, एक ओळ मुलाच्या एका श्वासात बसावी आणि त्यात वारंवार परत येणारे धृपद असावे. चित्रपटगीते आणि मोठ्यांची भावगीते यांतील बहुतेक गाणी या कसोटीला उतरत नाहीत. बडबडगीते, अंगाईगीते, जात्यावरच्या ओव्यांच्या सोप्या चाली, भजनातील धृपदे आणि खेळगीते मात्र उतरतात.

नवे गाणे शिकवताना आधी ते संपूर्ण, अर्थपूर्ण रीतीने दोन-तीन वेळा गाऊन दाखवावे. मुलांनी त्या वेळी गाऊ नये, केवळ ठोक्याबरोबर मांडीवर हात ठेवावा. पुढच्या वेळी केवळ धृपद त्यांच्याकडून घ्यावे आणि कडवी शिक्षकाने गावीत. असे दोन-तीन तास गेले की कडवीही मुलांना आपोआप पाठ झालेली असतात. एकेक ओळ घोकून घेण्याने शब्द येतात, पण चाल तुटते. मुले गात असताना शिक्षकाने गप्प राहावे, कारण बरोबर गाणारा शिक्षक मुलांचे ऐकू शकत नाही. ‘जोरात म्हणा’ हे दोन शब्द वर्गातून कायमचे काढून टाकावेत. ‘शेजारच्याचे ऐकू येईल असे म्हणा’ असे सांगितले की आवाज आपोआप गोड होतो.

सोलापूरच्या वर्गाला लाभलेली खरी संपत्ती भाषेची आहे. एका वर्गात घरी मराठी बोलणारी, तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी आणि उर्दू-दखनी बोलणारी मुले शेजारी-शेजारी बसलेली असतात. शाळेत या भाषा बाजूला राहतात, परंतु गाण्याच्या वर्गात त्या बाजूला ठेवणे हा मोठा तोटा आहे. पालकांना पहिल्याच बैठकीत सांगावे की घरातील आजीला येणारी एक अंगाई आम्हाला हवी आहे. कन्नड आजी जोगुळ म्हणेल, तेलुगू आजी जोलपाट म्हणेल. आजी वर्गात येऊन गाणार असेल तर फारच चांगले, न जमल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून आणावे. मुलांना शब्द समजत नाहीत म्हणून अडत नाही. या वयात अपरिचित भाषेतील उच्चार मुले मोठ्यांपेक्षा अधिक अचूक उचलतात.

नवरात्राचा आठवडा यासाठी विशेष राखून ठेवावा. त्या दिवसांत मराठी घरांतून भोंडला असतो आणि त्याच सुमारास आपल्या तेलुगू वस्तीत बतुकम्मा असते. एकीकडे पाटावर हत्तीचे चित्र मध्ये ठेवून मुली फेर धरतात, दुसरीकडे फुलांची रास मध्ये ठेवून. दोन्हीकडे वर्तुळ आहे, दोन्हीकडे एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उचलायची अशी रचना आहे, आणि बतुकम्मात वाकून टाळी वाजवत पुढे सरकण्याची जी लकब आहे ती लहान मुलांच्या शरीराला लय समजावून देण्यासाठी फार उपयोगी पडते. वर्गात एक दिवस भोंडल्याचा फेर आणि दुसऱ्या दिवशी बतुकम्माचा फेर घ्यावा. ज्यांच्या घरी ते केले जाते त्यांच्या आईला किंवा मावशीला पुढे उभे राहून शिकवण्याची विनंती करावी आणि शिक्षकाने मुलांच्या रांगेत उभे राहावे. मुलगे आणि मुली दोघांनाही फेरात घ्यावे. सहा वर्षांचा मुलगा यात संकोच करत नाही, संकोच मोठ्यांना वाटतो.

वाद्ये

आरंभी महागडी वाद्ये विकत घेण्याची गरज नाही. लाकडी चिपळ्या, लहान मंजिऱ्या, घुंगरांचे पट्टे, एक डफ, एक खंजिरी आणि टिपऱ्या एवढे पुरते. पितळी टाळ लहान हाताला जड होतात आणि बंद खोलीत बारा जोड्या एकदम वाजल्या तर कानांना सहन होत नाहीत, म्हणून एका वेळी दोन-तीनच जोड्या वाजू द्याव्यात. पाण्याच्या एकसारख्या लहान बाटल्यांमध्ये ज्वारी, तूरडाळ आणि चिंचोके भरून उत्तम खुळखुळे होतात. झाकण चिकटपट्टीने घट्ट बंद करावे, कारण दाणे तोंडात किंवा नाकात जाण्याचा धोका खरा आहे. त्या बाटल्यांवर कागद गुंडाळून मुलांना डोळे मिटायला सांगावे आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायला लावावे. ज्वारीचा बारीक सरसर आवाज आणि चिंचोक्यांचा टणक खडखडाट यांतील फरक सगळी मुले सांगतात, पण ज्वारी आणि तूरडाळ वेगळी ओळखताना सगळा वर्ग मान तिरकी करून, श्वास रोखून ऐकतो. असे ऐकणे एकदा लागले की स्वरांतील बारीक फरकाकडे जाण्याचा रस्ता मोकळा होतो.

वाद्य वाटण्याआधी ‘खाली’ ही खूण पक्की करून घ्यावी. शिक्षकाचे दोन्ही तळहात खाली आले की वाद्य मांडीवर आणि हात त्यावर. ही खूण न शिकवता वाद्ये वाटली तर उरलेला तास गोंगाटात जातो.

खेळण्यातील छोटे कीबोर्ड आणि झायलोफोन घेताना प्रत्येक स्वर पेटीशी ताडून पाहावा, त्यांतले बरेच बेसूर असतात. झायलोफोन सुरात असेल आणि त्याच्या पट्ट्या निघत असतील तर मध्यम व निषादाच्या पट्ट्या काढून ठेवाव्यात. उरलेल्या पाच स्वरांत मुलाने काहीही वाजवले तरी ते कानाला खटकत नाही आणि त्याला स्वतःची चाल रचल्याचा निर्भेळ आनंद मिळतो.

महिन्यातून एकदा एखाद्या वादकाला वर्गात बोलवावे. आपल्या गल्लीतील भजनी मंडळाचे पखवाजवादक यासाठी आनंदाने येतात. त्यांनी पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापावी, कणकेआधीचा आवाज आणि नंतरचा आवाज मुलांना ऐकवावा आणि मुलांना बोटाने ती कणीक चाचपू द्यावी. दहा मिनिटांत भेट संपवावी. ध्वनिमुद्रण ऐकवायचे असेल तर एका वेळी एकच वाद्य, दोन मिनिटांपेक्षा अधिक नाही.

न गाणारे मूल

प्रत्येक गटात एक-दोन मुले अशी असतात की ती कुठलेही गाणे एकाच सपाट आवाजात म्हणतात. त्यांना बेसूर म्हणू नये, आणि रांगेत मागे उभे करून ओठ हलवायला तर कधीही सांगू नये. बहुतेक वेळा त्या मुलाला गाण्याचा आवाज आणि बोलण्याचा आवाज हे वेगळे आहेत हे अजून उमगलेले नसते. त्यासाठी आवाज वर-खाली नेण्याचे खेळ घ्यावेत. मला यात गिरणीचा भोंगा सर्वांत उपयोगी वाटतो. सोलापूरच्या आजी-आजोबांनी तो ऐकलेला आहे, म्हणून मुलाने तो आधी घरी विचारून यावा. मग वर्गात हात जमिनीपासून डोक्यावर नेत ‘ऊऽऽ’ असा आवाज खालून वर चढवावा आणि तसाच उतरवावा. जे मूल गाण्यात एकाच स्वरावर अडकते तेच मूल भोंगा करताना सहज वरच्या सप्तकात जाते. त्याच्या आवाजाला तिथेच गाठावे. भोंगा जिथे थांबला तो स्वर शिक्षकाने धरावा आणि सर्वांनी त्याच्याशी आवाज मिळवावा. दुसऱ्याशी आपला आवाज जुळला म्हणजे कसे वाटते, याचा त्याला येणारा हा पहिला अनुभव असतो. सात-आठ वर्षांपर्यंत पुष्कळशा मुलांचा सूर हळूहळू स्थिर होतो, म्हणून त्याआधी निकाल देण्याची घाई कोणी करू नये.

मुलाला पाठीमागून हाक मारल्यास ऐकू येत नसेल, ते वारंवार ‘काय?’ असे विचारत असेल किंवा सतत सर्दीने बेजार असेल, तर पालकांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तपासणीचा सल्ला द्यावा. वारंवार होणाऱ्या सर्दीने कानात पाणी साचून काही काळ कमी ऐकू येऊ शकते आणि त्याचा गाण्यावर थेट परिणाम होतो.

पालक आणि कार्यक्रम

पाच वर्षांखालील मुलांच्या पालकांनी पहिला महिना वर्गात बसावे आणि गावे. मोबाइल पिशवीत ठेवण्याची अट स्पष्ट सांगावी, कारण चित्रीकरण सुरू झाले की मूल गटाकडे पाहणे सोडून कॅमेऱ्याकडे पाहू लागते. घरी पाहुण्यांपुढे ‘गाऊन दाखव’ असा आग्रह करू नये, त्याऐवजी रात्री झोपताना वर्गातील एक गाणे पालकांनी मुलाबरोबर म्हणावे. सराव म्हणून इतके पुरते.

स्नेहसंमेलनाच्या दिवसांत पालकांचा आग्रह सुरू होतो की वर्गाचाही कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या रंगमंचावर व्हावा. पहिली दोन वर्षे तो टाळावा. मोठा मंच, माइक आणि पोशाख यांच्या तयारीत तीन महिने एकाच गाण्याची घोकंपट्टी होते आणि जे मूल हळूहळू गाऊ लागले होते ते पुन्हा गप्प होते. त्याऐवजी वर्षातून दोनदा उघडा वर्ग ठेवावा. नेहमीच्या खोलीत, नेहमीच्या कपड्यांत, आजी-आजोबांसह सर्वांनी वर्तुळात बसावे आणि नेहमीचाच तास व्हावा, ज्यात पाहुण्यांनाही चालावे आणि गावे लागेल. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा असते, होम मैदान गजबजलेले असते आणि निम्मी मुले तिकडे असतात, म्हणून त्या आठवड्यात वर्गाला सुटी देऊन उघडा वर्ग फेब्रुवारीत घेणे सोयीचे पडते.

पुढे गुरुजींकडे कधी पाठवावे

सात-आठ वर्षांच्या मुलाला पाच स्वर ओळखता येत असतील, केरवा आणि दादरा चुकत नसेल आणि ते वर्गाबाहेरही आपणहून गुणगुणत असेल, तर गायन, तबला, पेटी किंवा अन्य वाद्याच्या रीतसर शिक्षणाचा विचार करावा. कोणते वाद्य घ्यावे हे पालकांनी परस्पर न ठरवता मूल दोन वर्षांत कोणत्या आवाजाकडे ओढले गेले ते शिक्षकाला विचारावे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेची घाई पहिल्या वर्षी तरी करू नये. नव्या गुरुजींकडे जाताना सामूहिक वर्गाच्या शिक्षकाने एका कागदावर मुलाचा सोयीचा षड्ज, त्याला पाठ असलेली गाणी, त्याने ओळखलेले स्वर आणि त्याची सहज लय लिहून द्यावी. नवे शिक्षण नव्या पट्टीत सुरू होणार असेल तर त्या पट्टीतील खालचे स्वर मुलाच्या गळ्यात आहेत की नाहीत हे गुरुजींनी पहिल्याच भेटीत तपासावे, अशी विनंती त्याच कागदावर करावी. शक्य असेल तेथे पहिले सहा महिने मुलाने आठवड्यातील एक दिवस जुन्या गटात येत राहावे.